लाल पुस्तकं, निळी पुस्तकं

१९६२च्या सप्टेंबरात मध्य प्रदेश सरकारनं एका पुस्तकावर बंदी घातली. पुस्तक म्हणजे काही भडक कादंबरी नव्हती, की कुठल्या पक्षाचा जाहीरनामा नव्हता. शाळकरी मुलांना आपल्या देशाचा इतिहास आणि संस्कृती कळावी म्हणून ते लिहिलेलं होतं आणि अभ्यासक्रमात मंजूरही झालं होतं. नाव ‘भारत : इतिहास और संस्कृति’. लेखक राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदी शिकवणारा एक हडकुळा प्राध्यापक. तोंडात कायम विडी, डोक्यावर कायम कर्ज. घरात मराठी बोलणारा आणि हिंदीत लिहिणारा हा माणूस नागपुरात दहा वर्षं राहून गेला होता. त्याचं नाव गजानन माधव मुक्तिबोध.

हिंदी कवितेत ज्याला पुढे सर्वांत मोठ्या कवींच्या रांगेत बसवलं गेलं, त्याच्या नावावर तेव्हा स्वतःचा एकही कवितासंग्रह नव्हता. पण शाळकरी मुलांसाठी लिहिलेलं त्याचं पुस्तक मात्र सरकारला धोकादायक वाटलं.

मुक्तिबोध नागपूरला आले १९४८मध्ये. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. आधी सरकारी प्रसिद्धी खात्यात, मग आकाशवाणीवर आणि शेवटी ‘नया खून’ या साप्ताहिकात अशा नोकऱ्या बदलत त्यांनी १९५८पर्यंतचा काळ इथं रेटला. एम.ए.ची पदवी त्यांनी नागपूर विद्यापीठातूनच घेतली. एम्प्रेस मिलच्या कामगारांवर झालेला गोळीबार त्यांनी बातमीदार म्हणून पाहिला आणि तो अनुभव ‘अंधेरे में’ या दीर्घकवितेत झिरपला, असं त्यांचे अभ्यासक सांगतात. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध याच शहरात मराठीचे प्राध्यापक होते. ‘नवी मळवाट’ लिहिणारे, मार्क्सवादी आणि मराठी नवकवितेतलं ठसठशीत नाव. एकाच घरातले दोन भाऊ, एक हिंदीतला मार्क्सवादी कवी आणि दुसरा मराठीतला, हा योग नागपुरासारख्या दोन भाषांच्या शहरातच जुळावा.

पाठ्यपुस्तक लिहिलं ते पैशांसाठी, यात लपवण्यासारखं काही नाही. क्रमिक पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं तर लेखकाच्या घरी चार पैसे येत. परंतु मुक्तिबोधांनी पोटासाठी घेतलेलं कामही मनापासून केलं. राजे, त्यांच्या वंशावळी आणि लढायांच्या सनावळ्या बाजूला सारून समाज कसा बदलत गेला, धर्म कसे उभे राहिले, कला आणि विचार कुठून आले, यावर त्यांनी भर दिला. आज हे ऐकताना त्यात क्रांतिकारक काय, असं वाटेल. पण प्राचीन समाजाविषयीची आणि धर्मांविषयीची काही विधानं टोचली. जनसंघ आणि संघाशी जोडलेली मंडळी रस्त्यावर उतरली, पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. या गदारोळामागे क्रमिक पुस्तकांच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्धी प्रकाशकांचाही हात होता, असं त्या काळातल्या जाणकारांनी लिहून ठेवलं आहे. बंदी घालणारं सरकार मात्र काँग्रेसचं होतं. मुख्यमंत्री होते भगवंतराव मंडलोई.

प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेलं. आक्षेपार्ह ठरलेले भाग गाळले तर पुस्तक काढता येईल, असा निकाल १९६३मध्ये लागला. तोवर लेखकाचा धीर खचला होता. हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाई यांच्या आठवणींत या बंदीनं मुळापासून हादरलेले मुक्तिबोध भेटतात. ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, दिल्लीच्या रुग्णालयात ते गेले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला संग्रह त्यांच्या पाठोपाठ छापून आला. मुलांसाठीचं ते पुस्तक काटछाट न करता वाचकांच्या हाती पडायला २००९ साल उजाडलं. ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं ती मुलं तोवर साठीला टेकली होती.

‘मुलांच्या पुस्तकात राजकारण आणू नका’ असं म्हणणारे सगळ्याच देशांत भेटतात. नागपुरात हे वाक्य जरा जास्तच गमतीचं वाटतं. १९२५च्या विजयादशमीला संघ स्थापन झाला तो इथंच आणि महालातल्या मोहितेवाड्याच्या मैदानावर डॉ. हेडगेवारांनी जमवली ती मुख्यतः शाळकरी आणि कॉलेजातली पोरं. खेळ, गाणी, शिवाजी-राणाप्रतापाच्या गोष्टी या वाटेनं विचार मुलाच्या अंगी मुरतो, हे त्यांनी ओळखलं होतं. १९२७मध्ये निघालेल्या समता सैनिक दलाची परेडही नागपूरच्या वस्त्यांमधून चालली, तिच्यातही मिसरूड न फुटलेले पोट्टे होते. समाजवाद्यांनी १९४१मध्ये राष्ट्र सेवा दल उभं केलं तेही मुलांसाठीच. राजकारणानं मुलांना कधीच मोकळं सोडलं नव्हतं. फरक एवढाच, की उजव्या विचारानं सांगितलेली गोष्ट ‘संस्कार’ म्हणून खपते आणि डाव्या विचारानं सांगितलेली ‘प्रचार’ ठरते.

युरोपातल्या डाव्यांनी मुलांना गोष्टी सांगण्याचं काम फार आधी अंगावर घेतलं. हर्मिनिया त्सुर म्यूलेन ही ऑस्ट्रियातली उमराव घराण्यातली बाई कम्युनिस्ट झाली आणि १९२१मध्ये तिनं बर्लिनहून एक गोष्टींचं पुस्तक काढलं. पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या पीटर नावाच्या गरीब मुलाशी खोलीतल्या वस्तू बोलू लागतात. कोळसा खाणीतल्या माणसांची हकिकत सांगतो, काड्यापेटी कारखान्याची. चित्रं गेओर्ग ग्रोस या गाजलेल्या चित्रकाराची. इटलीच्या जानी रोदारीनं १९५१मध्ये चिपोलिनो नावाचा कांद्याचा पोरगा जन्माला घातला. हा पोरगा राजपुत्र लिंबू आणि सरदार टमाट्याविरुद्ध उभा राहतो. रोदारी कम्युनिस्ट पक्षाचा माणूस, पक्षाच्या मुलांच्या साप्ताहिकाचा संपादक. त्यालाच १९७०मध्ये बालसाहित्यातला सर्वोच्च असा अँडरसन पुरस्कार मिळाला. अमेरिकेत तर उलटीच गंमत झाली. पन्नासच्या दशकात डाव्या लेखकांना सिनेमा, नभोवाणी, महाविद्यालयं यांची दारं बंद झाली, तेव्हा त्यातले कितीतरी बालसाहित्याकडे वळले, कारण तिथं पहारेकऱ्यांचं लक्ष कमी होतं. जांभळ्या खडूनं स्वतःचं जग काढत जाणारा हॅरॉल्ड १९५५मध्ये आला. त्याचा जनक क्रॉकेट जॉन्सन एके काळी ‘न्यू मासेस’ या डाव्या नियतकालिकाचा कलासंपादक होता आणि पोलिसांच्या नजरेतही होता. जूलिया मिकनबर्ग या अभ्यासक बाईंनी या साऱ्याचा माग काढून २००६मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. मराठीत असा माग अजून कुणी काढलेला नाही. काढला तर हाती काय लागेल?

पहिलं नाव येईल साने गुरुजींचं आणि ते ऐकून अनेक जण चमकतील. गुरुजी म्हणजे ‘श्यामची आई’, ‘श्यामची आई’ म्हणजे डोळ्यांतलं पाणी. हे समीकरण महाराष्ट्रानं इतकं पक्कं केलं आहे, की अमळनेरच्या गिरणी कामगारांत आणि खानदेशच्या शेतकऱ्यांत लाल झेंड्याच्या माणसांबरोबर वावरलेले गुरुजी कुणाला आठवतच नाहीत. शेतकऱ्यांनी रान उठवण्याचं त्यांचं गाणं मोर्चात म्हटलं जातं, पण ते आणि श्यामची गोष्ट एकाच हातानं लिहिली आहे हे शाळेत सांगत नाहीत. १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावणारा हा माणूस मुलांसाठी व्हिक्टर ह्यूगोची दुःखितांची कहाणी मराठीत आणत होता. जॉर्ज एलियटच्या कादंबरीवरून ‘मनुबाबा’ लिहीत होता. १५ ऑगस्ट १९४८ला त्यानं सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक अजून चालू आहे, आणि २००८पासून त्याचा बालकुमार दिवाळी अंक निघतो. प्रती लाखांच्या घरात जातात. खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये त्या पोचतात. तो सुरू झाला तेव्हा संपादकाच्या खुर्चीत नरेंद्र दाभोलकर होते.

दुसरं नाव विंदा करंदीकर. ‘स्वेदगंगा’मधले करंदीकर उघडउघड मार्क्सच्या बाजूचे आहेत. त्याच कवीनं साठच्या दशकात ‘राणीची बाग’, ‘एकदा काय झाले’, ‘एटू लोकांचा देश’ लिहिली आणि मराठी बालकवितेला उपदेशाच्या काठीपासून सोडवलं. त्यात विळा-हातोडा शोधणाऱ्याची निराशा होईल. पण मोठ्यांचे नियम म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, ते उलटेपालटे करून पाहता येतात, ही जाणीव त्या कवितांत भरून आहे. बंडखोरीचा याहून चांगला पहिला धडा कुठला असेल, सांगता येत नाही.

आणि पाठ्यपुस्तकं? ‘बालभारती’ची स्थापना १९६७ची, तिचं ‘किशोर’ मासिक १९७१चं. गिरणगावात वाढलेल्या, शाळेत शिपाई म्हणून राबलेल्या नारायण सुर्वेंची ‘दोन दिवस’ ही कविता अलीकडे दहावीच्या पुस्तकात होती. लाखो मुलांनी ती पाठ केली, तिचं रसग्रहण लिहिलं, ठरलेले गुण मिळवले. कामगाराचा कवी दहावीच्या पुस्तकात येणं ही मोठीच गोष्ट. मात्र प्रश्नपत्रिकेत कवितेतला ‘आशावाद’ विचारतात, ती रोजंदारी आणि ते गहाण पडलेले हात कुणामुळे हे विचारत नाहीत. गाइडमध्ये छापलेल्या उत्तरात सुर्वे अगदी सोज्वळ होऊन जातात.

मराठी घरांत खऱ्या अर्थानं ‘लाल’ म्हणावी अशी पुस्तकं आली ती मॉस्कोहून. प्रगती, मीर आणि नंतर रादुगा या प्रकाशनांची. गुळगुळीत जाड कागद, सुरेख चित्रं आणि किंमत चहाच्या बिलाएवढी. मुंबईचं लोकवाङ्मय गृह, कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांचे झोले आणि गावोगाव लागणारी प्रदर्शनं या वाटांनी ती विदर्भातही पोचली. नागपुरात त्यांना वाचक होते. गिरण्या होत्या, वीज कामगारांच्या संघटना होत्या, आणि १९५७मध्ये ए. बी. बर्धन यांना विधानसभेत पाठवणारं शहर होतं हे. ‘सोव्हिएत लँड’ या नियतकालिकाची पानं वह्यांना कव्हर घालायला एकदम फर्स्टक्लास, हे तर संघाच्या शाखेत जाणाऱ्या घरांतही मान्य होतं!

मजा अशी, की या पुस्तकांतली लाडकी झालेली पुस्तकं फारशी लाल नव्हती. अनिल हवालदारांनी मराठीत आणलेल्या ‘देनिसच्या गोष्टी’ घ्या. विक्तोर द्रागून्स्कीचा हा मॉस्कोतला पोरगा खोड्या काढतो, थापा मारतो, बापाची बोलणी खातो. पक्षाची शिकवण त्यात औषधालाही सापडत नाही. अर्कादी गायदारची पुस्तकं त्या मानानं सरळ क्रांतीची. लाल सैन्यात पोरवयात भरती झालेला हा लेखक १९४१मध्ये युद्धात मारला गेला आणि सोव्हिएत मुलांचं दैवत बनला. त्याचाच नातू येगोर गायदार १९९२मध्ये रशियाचा हंगामी पंतप्रधान झाला आणि एका झटक्यात बाजार मोकळा करून टाकला तोही त्यानंच. आजोबानं मुलांच्या मनात जे पेरलं, त्याचा हिशेब नातवानं असा चुकता केला.

१९९१मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि पुस्तकांचा ओघ आटला. तेव्हा मराठी डाव्यांच्या लक्षात यायला हवं होतं, की इतकी वर्षं आपण मुलांना दिलं ते सगळं आयात केलेलं होतं. मॉस्कोतल्या देनिसचं आईस्क्रीम आपल्या पोरांना तोंडपाठ होतं, पण एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरातल्या मुलाची गोष्ट कुणी लिहिली नव्हती. १८७७मध्ये टाटांनी सुरू केलेली ही गिरणी सव्वाशे वर्षं चालून बंद पडली. कामठीच्या विडी कामगारणी, उमरेडच्या कोळसा खाणी, काटोलच्या संत्राबागांत तोडीला जाणारी पोरं यांच्यापैकी कुणी मराठी बालसाहित्यात नायक झालं नाही. नागपुरातून दीर्घकाळ निघालेलं ‘मुलांचे मासिक’ हे विदर्भाचं भूषण खरं, पण त्याची वाट वेगळी होती. डाव्या पुढाऱ्यांना मुलं दिसत होती ती उद्याचे मतदार किंवा संपकरी म्हणून. आजच ज्याच्यावर अन्याय होतो आहे असा माणूस म्हणून त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही.

ज्यांनी पाहिलं त्यांचा इतिहास मात्र नागपुरातच सापडतो, आणि तो रशियन क्रांतीपेक्षा जुना आहे. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७मध्ये नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. त्यांच्या पत्रांची नावं वाचली तरी माणूस कळतो. १९१०मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३मध्ये ‘विटाळ विध्वंसक’, १९१८मध्ये ‘मजूर पत्रिका’. जात आणि मजुरी हे दोन प्रश्न एकाच छापखान्यात शेजारी ठेवणारा हा माणूस डाव्यांच्या इतिहासात क्वचितच सापडतो. जाईबाई चौधरी नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईंच्या मदतीनं त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून लोकांनी गहजब केला, तेव्हा १९२२मध्ये त्यांनी स्वतःची चोखामेळा कन्याशाळा उघडली.

याच मातीतून आलेल्या वसंत मून यांचं ‘वस्ती’ हे आत्मकथन १९९५चं. सीताबर्डीला लागून असलेल्या महारपुऱ्यातलं तीस-चाळीसच्या दशकातलं बालपण त्यात आहे. भूक आहे, मारामाऱ्या आहेत, समता सैनिक दलातली पोरं आहेत आणि एक अख्खी वस्ती पुस्तकांच्या नादी कशी लागते त्याची हकिकत आहे. बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचे खंड संपादित करणारा माणूस कुठल्या शाळेत घडला, ते हे पुस्तक सांगतं. ते मुलांसाठी म्हणून लिहिलेलं नाही. तरीही नागपूरच्या मुलानं तेरा-चौदाव्या वर्षी वाचावं असं यापेक्षा चांगलं पुस्तक चटकन आठवत नाही. गेल ऑम्व्हेट यांनी ते इंग्रजीत नेल्यावर जगभरच्या विद्यापीठांत पोचलं.

त्याच्याही मागं जायचं तर थेट पुण्याला, १८५५ साली. ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लेखिका मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी. मराठीतल्या जहाल बालसाहित्याची सुरुवात कुठून धरायची, असा वाद घातला तर मुलांसाठी मोठ्यांनी लिहिलेल्या पुस्तकाऐवजी मोठ्यांना उद्देशून मुलीनं लिहिलेल्या या निबंधापासून ती धरावी लागेल. कार्ल मार्क्सचा ‘भांडवल’ ग्रंथ निघायला तेव्हा बारा वर्षं अवकाश होता.

दसऱ्याला नागपूर दोन गर्दींचं शहर होतं. रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असतो. १४ ऑक्टोबर १९५६ला जिथं बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या साक्षीनं बौद्ध धम्म स्वीकारला, त्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून माणसं लोटतात. या दुसऱ्या गर्दीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल लागतात. मूर्ती, बिल्ले, निळे झेंडे, कॅलेंडरं आणि त्यांच्या जोडीनं पुस्तकांचे ढीगच्या ढीग. पुस्तकांची उलाढाल कोटींत गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रं दरवर्षी देतात. नामवंत प्रकाशकांचे जाड ग्रंथ असतात, पण सगळ्यांत वेगानं हलतात त्या दोन पिना मारलेल्या पातळ पुस्तिका. बाबासाहेबांचं बालपण, जोतिबा, सावित्रीमाई, रमाई, बुद्धाच्या गोष्टी, बावीस प्रतिज्ञा. रात्रभर रेल्वेच्या जनरल डब्यातून आलेली बाई पोराला फुगा नाकारते आणि ही पुस्तिका घेऊन देते. मराठी बालसाहित्यावरच्या परिसंवादांत या पुस्तिकांचा उल्लेख होत नाही. त्यांना परीक्षणं मिळत नाहीत, पुरस्कार तर नाहीतच.

त्यांच्यातल्या बहुतेकींच्या मुळाशी एकच कथा असते, आणि ती बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवलेली आहे. साल १९०१, वय नऊ. वडील नोकरीनिमित्त कोरेगावच्या बाजूला होते. त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेला लहानगा भीम आणि त्याच्यासोबतची मुलं मसूर स्टेशनावर उतरतात. नवे कपडे, चकचकीत टोप्या बघून स्टेशनमास्तर चौकशी करतो आणि जात कळताच मागं सरतो. गाडीवान तयार होतो तो दुप्पट भाड्यावर आणि एका अटीवर. गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूनं चालणार, कारण शेजारी बसला तर बाटेल. रात्रभर कुठं प्यायला पाणी मिळत नाही. शाळेतही बसायला घरून आणलेलं तरटाचं फडकं. नळ शिपायानं उघडला तरच पाणी, शिपाई नसला की तहान तशीच.

या कथेत कुणी पुढारी येऊन मुलाला अन्याय समजावून सांगत नाही. तहान लागलेली आहे ती मुलालाच, आणि का लागली हे शोधायचं तेही मुलानंच. दीक्षाभूमीच्या साध्या पुस्तिकेनं लाल पुस्तकांवर मात केली ती इथं. रोदारीच्या कांद्याला अन्याय कळतो तो रूपकातून. भीमाला तो पाण्याच्या नळाशी कळतो, आणि वाचणाऱ्या पोराच्या आजोबांनाही तो तसाच कळलेला असतो.

याचा अर्थ या पुस्तिकांना दोष देऊच नये असा नाही. पुष्कळशा भाषणासारख्या चालतात, एकमेकींवरून उतरवलेल्या वाटतात, शुद्धलेखनाचे मुडदे पडलेले असतात. रमाई नेहमी सोसतानाच दिसते. आणि मुख्य म्हणजे विभूतिपूजा. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत दिला होता. त्यांच्यावरच्या बालपुस्तिकांतच तो धाब्यावर बसवलेला आढळतो. २०१२च्या मे महिन्यात याची झळ थेट पाठ्यपुस्तकाला लागली. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९चं व्यंगचित्र होतं. गोगलगायीवर बसलेले आंबेडकर, हाती चाबूक घेतलेले नेहरू. संसदेत गोंधळ झाला, पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. मग अशी चित्रं तपासायला समिती नेमली ती अमरावती जिल्ह्यातून आलेल्या अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरातांच्या अध्यक्षतेखाली. व्यंगचित्रात चाबूक कुणावर उगारला आहे, हा प्रश्न दलित मुलाला वर्गात कसा बोचेल, ही शंका खोटी नव्हती. पण ज्या पुस्तकानं मुलांना सत्तेकडे तिरकं बघायला शिकवायचं ठरवलं होतं, त्याच्यावर कात्री चालवायला या वेळी पुरोगामीही पुढं होते. मुक्तिबोधांच्या पुस्तकावरच्या बंदीला बरोबर पन्नास वर्षं झाली होती.

पुस्तकाबाहेरही एक शाळा चालत आली. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ची, नागपूरचीच. तिच्या कार्यकर्त्यांनी विदर्भातल्या शाळांच्या पटांगणांवर लिंबातून रक्त काढलं, काडी न ओढता होम पेटवला आणि लगेच त्यामागचं रसायन सांगितलं. पोरांच्या लेखी ही जादूच. बुवाचा चमत्कार आपल्यालाही करता येतो हे कळलेल्या मुलाला दुसऱ्या कुणावर आंधळा विश्वास ठेवायला लावणं अवघड जातं. याची पुस्तकं झाली, पण पटांगणावरच्या धुराची सर त्यांना आली नाही.

पुस्तकाबाहेरची अशी शिकवणी पडद्यावरही दिसली. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ चित्रपटात पोलिसांनी धरून नेलेला लोकशाहीर नारायण कांबळे पडद्यावर पहिल्यांदा दिसतो तो मुलांची शिकवणी घेताना. भूमिका केली होती वीरा साथीदार यांनी. नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तरी ते वस्तीतल्या आपल्या घरीच राहिले. १३ एप्रिल २०२१ रोजी, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनानं नागपुरात त्यांचा बळी घेतला.

मसूर स्टेशनची कथा २०११मध्ये ‘भीमायन’ या चित्रपुस्तकात नव्यानं आली. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्याची. कॉमिक्समध्ये असतात तशा चौकटी आखायला या दोघांनी नकार दिला. माणसांना खोक्यात कोंडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी गोंड घरांच्या भिंतींवर काढतात ती दिग्ण्याची नक्षी पानभर वळणं घेत जाते. बोलण्याचे फुगेही निराळे. सोसणाऱ्यांचे शब्द पाखराच्या आकारात, जातीचा माज असलेल्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी. तहानलेल्या मुलाच्या अंगातून मासे पोहताना दिसतात, आगगाडी सापासारखी वळते. कोणताही डावा जाहीरनामा इतकं नेमकं बोललेला नाही. मात्र रंगीत, जाड कागदावरच्या या पुस्तकाला काहीशे रुपये पडतात. तेवढ्यात स्टॉलवरच्या पुस्तिकांची चळत येते, आणि घरी चार पोरं असली की हिशेब आपोआप सुटतो.

व्याम जोडपं मूळचं मंडला-दिंडोरी भागातलं. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतातलाच हा भाग. नागपूर शहर वसवलं तेही गोंड राजानं, देवगडच्या बख्त बुलंद शाहानं, १७०२ साली. भीमाच्या बालपणाचं हे गोंड पुस्तक मात्र काढलं ते दिल्लीच्या ‘नवयान’नं, इंग्रजीत.